काळजातलं तांबं

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचून झाल्यावर कुणी "बाई, केवढ्या हो तुम्ही धीराच्या" असं म्हणायला नको. सरकारी नोकरीत जनावरांची डॉक्टर म्हणून हयात गेली, निवृत्त झाले, कोथरूडात फ्लॅट घेऊन राहिले, तरी अजून फोन वाजला की उचलावा की नाही असं होतं. पलीकडून कुणी "मॅडम, मेंढी उठत नाही" एवढंच म्हणतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर अख्खा कळप आडवा पडलेला दिसतो. आमचे हे म्हणायचे, "तू डॉक्टर कशाला झालीस? तुलाच औषध पाहिजे." खरंय ते. पण मेंढीच्या डॉक्टरनं भित्रंच असावं, असं माझं मत आहे. गाय हंबरते, कुत्रं विव्हळतं, शेळी तर सगळी आळी गोळा करते. मेंढी काही सांगत नाही. बाकीच्यांसारखीच मान खाली घालून उभी राहते, आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आमच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, "पुण्यात कुठल्या आल्या मेंढ्या?" त्यांना वाटतं मेंढ्या फक्त स्वेटरच्या जाहिरातीत असतात. अहो, हडपसरच्या पुढे जा. आयटीच्या काचेच्या इमारती संपतात, नव्या टॉवरांचे सांगाडे सुरू होतात, आणि मधल्या रिकाम्या प्लॉटवर जाळी लावून बसलेले कळप दिसतात. जागामालकाचा नकाशा मंजूर होईपर्यंत ते तिथे असतात. मग दुसरा प्लॉट.

माझं काम जास्त करून व्यालेल्या मेंढ्यांच्या खाण्याचं. आमच्या पुस्तकात तिला 'स्तनदा मेंढी' म्हणतात. धनगराच्या बाईसमोर हा शब्द काढलात तर ती पदर तोंडाला लावून हसेल. तिच्याकडे शब्द आहे लेकुरवाळी. आमचा सगळा धंदा त्या शब्दात आला. व्याल्यावर पहिले दोन महिने मेंढीला तिच्या एरवीच्या खाण्याच्या दुप्पट लागतं, जुळं असेल तर त्याहून जास्त. नाही मिळालं तरी ती दूध थांबवत नाही. स्वतःच्या अंगातलं मांस वितळवते आणि कोकराला पाजते. वरून लोकर असते म्हणून दिसत नाही. म्हणून आम्ही डोळ्यांनी बघत नाही, हातानं बघतो. कमरेवर तळवा ठेवायचा आणि मणका चाचपायचा. मणका बोटाला टोचला की समजायचं, ही आई आता स्वतःला खातेय. मग बाजरीचा नाहीतर मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, लसूणघास, मीठ, आणि पोटभर पाणी. हे सगळं सावकाश. आज एक चिमूट, उद्या मूठ, मग ओंजळ. एकदम दिलं तर पोट आंबतं आणि जनावर मरतं.

शहरात हे 'सावकाश' कुणाला जमत नाही. एका मंगल कार्यालयाच्या मागे उरलेला मसालेभात आणि जिलब्या ओतल्या होत्या, त्यावर एक लेकुरवाळा कळप तुटून पडला. मी पोचले तेव्हा मेंढ्या दारुड्यांसारख्या झोकांड्या खात होत्या आणि कार्यालयाचा मॅनेजर मला म्हणत होता, "मॅडम, तूप साजूक होतं हो." एक आयटीवाले साहेब तर बंगल्याच्या हिरवळीवर हौसेनं दोन मेंढ्या पाळून होते. त्यातली एक व्याली, आणि ते तिला स्वतःची प्रोटीन पावडर देत होते. मी विचारलं, "हिला जिममध्ये घातलंय का?" त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. मेंढी जगली पण.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. ठकूबाईच्या कळपाचं नाही.

ठकूबाई सांगलीकडची. आटपाडीच्या पुढचं कुठलंसं गाव. तिकडे मेंढ्यांना बकरीच म्हणतात, त्यामुळे ती "माझी बकरी" म्हणाली की मेंढ्या समजायच्या. नवरा वारला होता. मुलगा दत्ता घरोघर पार्सलं पोचवायचं काम करायचा, आणि कळप सासू-सून मिळून सांभाळायच्या. सून सारिका, बारावी शिकलेली, अंगावर पिणारी मुलगी कडेवर. हडपसरच्या पुढे एका टॉवरला लागून असलेल्या प्लॉटवर त्यांचं पाल होतं. गावाकडे जमीन नाही, शहरात घर नाही. जे काही होतं ते जाळीच्या आत चार पायांवर उभं होतं. दत्ताच्या मनात कळप विकून मोकळं व्हायचं होतं. सारिकालाच ते नको होतं. "मॅडम, मी ह्याचा फार्म करून दाखवते," असं ती मला म्हणायची. तिच्या मोबाइलमध्ये मेंढीपालनाचे इतके व्हिडिओ होते की माझ्या पदवीच्या वर्षांत मी तेवढी व्याख्यानं ऐकली नसतील.

त्या वर्षी तिचा कळप बघण्यासारखा झाला होता. दसऱ्याच्या आसपास मेंढ्या व्याल्या, कोकरं टणाटण उड्या मारत होती, कुठल्याही आईच्या कमरेवर हात ठेवा, मणका लागत नव्हता. ठकूबाई कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हे, पण तीही म्हणाली, "सुनंनं बकरी राखली बरं का." मला बरं वाटलं होतं.

दिवाळी आठवड्यावर आली आणि सकाळीच सारिकाचा फोन आला. "मॅडम, एक मेंढी गेली. रात्री चांगली होती. अन् ती... लाल मुतली."

मी घाबरले की माझ्या तोंडून माहेरची वऱ्हाडी निघते. "अरे बाप्पा!" म्हणाले आणि रिक्षा पकडली.

मेंढीच्या डोळ्यांची पापणी उलटून बघितली, हळदीसारखी पिवळी. ठकूबाई म्हणत होती नजर लागली, दत्ता म्हणत होता कावीळ. मी मेलेली मेंढी चिरून बघितली. मूत्रपिंडं काळीठिक्कर पडली होती आणि यकृत पिवळं पडून ठिसूळ झालं होतं. हे दृश्य मी नोकरीत अगदी क्वचित बघितलं होतं, आणि पुन्हा कधी बघायला लागू नये अशी इच्छा होती. मी उठले, हात धुतले आणि विचारलं, "खायला काय काय देता?"

सारिका उत्साहानं आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. खनिज मिश्रणाची. पिशवीवर हसऱ्या गाईचं चित्र आणि खाली ठळक अक्षरं, 'गाभण व दुभत्या जनावरांसाठी'.

"कधीपासून देतेस?"

"गाभण होत्या तेव्हापासून. दुकानदारानं सांगितलं तसं चमच्यानं देत होते, मग व्याल्यावर मूठ केली. मॅडम, व्यालेली मेंढी म्हणजे दुभतीच ना?"

काय सांगणार तिला? मराठीत ती शंभर टक्के बरोबर होती. जी दूध देते ती दुभती. पण दुकानातलं 'दुभतं' म्हणजे गाय आणि म्हैस, कारण त्यांचं दूध डेअरीत जातं. मेंढीचं दूध कोकराच्या पोटात जातं, म्हणून तिला त्या पिशवीवर कुणी धरलेलं नसतं. गाईच्या मिश्रणात तांबं असतं. गाईला ते लागतं, आणि जास्त झालं तर ती बरंच बाहेर टाकते. मेंढीला ते बाहेर टाकता येत नाही. ती साठवते. महिनोन् महिने गुपचूप साठवते, आणि या काळात ती छान दिसते, छान खाते, कोकरांना छान पाजते.

हे ठकूबाईला समजावून सांगायचं होतं. यकृत म्हणून तिला कळलं नसतं. मटणाच्या दुकानात त्याला काळीजच म्हणतात, आणि मेंढरातल्या बाईला तोच शब्द ओळखीचा. मी म्हणाले, "ठकूबाई, ह्यांच्या काळजात तांबं साठलंय. तिथे आहे तोवर काही होत नाही. पण मेंढी घाबरली, पळाली, दमली, उपाशी राहिली, की ते एकदम रक्तात उतरतं. मग रक्त फुटतं, लघवी लाल होते आणि दोन दिवसांत खेळ संपतो."

ठकूबाईनं माझ्याकडे बघितलं. "म्हंजी भ्या वाटलं की मरत्यात?"

"हो."

"कुठल्या कुठल्या?"

"ते सांगता येत नाही. सगळ्यांनी खाल्लंय."

मग ती सुनेकडे वळली. मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. पडला असता तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस ती सारिकाशी बोललीच नाही. भाकरी थापायची, तिच्यासमोर सरकवायची आणि तोंड फिरवायची. सारिका ती भाकरी तशीच ठेवायची. मुलगी अंगाला लागून रडायची, कारण दूध कमी झालं होतं. मी सगळ्या कळपाच्या कमरा चाचपत होते आणि हिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती.

दत्ता म्हणाला, "खाटकाला देऊन टाकू. आज चांगल्या दिसत्यात तवर."

"आणि ते काळीज उद्या हडपसरच्या बाजारात कुणाच्या घरी शिजणार?" मी त्याच्यावर ओरडले. "तुझ्या घरी नेशील का? सांग, नेशील?" मला त्याचा राग आला नव्हता, भीतीनं माझा आवाज चढला होता.

उपाय एक होता. मॉलिब्डेनम म्हणून एक धातू आहे, त्याचा क्षार गंधकाच्या क्षाराबरोबर अगदी थोडा थोडा पोटात गेला तर तांबं हळूहळू निघून जातं. तो जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. पेठेत प्रयोगशाळेची रसायनं विकणारं एक जुनं दुकान आहे, तिथे गेले. मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

"कुठलं कॉलेज?"

"कॉलेज नाही, मेंढ्या आहेत."

"मेंढ्यांना रसायनशास्त्र?"

"प्रात्यक्षिक परीक्षा आहे त्यांची."

"बरं. उरलं तर परत घेत नाही," असं म्हणून त्यांनी पुडी बांधली. पण मी पायऱ्या उतरताना मागून म्हणाले, "अहो, होतील का पास?"

आता खाण्याचं. मिश्रण त्याच दिवशी बंद केलं. पण भीतीपोटी सगळाच खुराक तोडला असता, तर दूध आटलं असतं आणि मेंढ्या उपाशीपोटी आणखी लवकर गेल्या असत्या. म्हणून भरडा तसाच ठेवला, पेंड तशीच ठेवली, साधं मीठ दिलं, आणि भरड्यात औषधाचं पाणी शिंपडलं. प्रत्येक मेंढीच्या तोंडात ते जाईल असं बघायचं, पण कुणाला पकडायचं नाही, ढकलायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. कुत्र्याला लांब बांधलं. चरायला नेणं बंद. सारिका आणि ठकूबाई एकमेकींशी न बोलता, हात हलवून, त्या कळपातून चोरासारख्या फिरायच्या.

आणि सकाळी परीक्षा असायची. मेंढी झोपेतून उठली की पहिल्यांदा लघवी करते. एरवी आम्हाला लघवी बघायची असली तर मेंढीचं नाक-तोंड क्षणभर दाबतो, ती घाबरते आणि लगेच मुतते. ती युक्ती आता करता येत नव्हती. म्हणून आम्ही स्टीलच्या ताटल्या घेऊन उभे राहायचो. एक एक मेंढी अंग झाडत उठायची, मागचे पाय वाकवायची, आणि मी ताटली पुढे सरकवायचे. पिवळी. दुसरी, पिवळी. एका सकाळी सारिकाच्या ताटलीत कॉफीसारखा रंग आला. ती ओरडली नाही. ओरडायचं नाही हे तिला माहीत होतं. ताटली हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. त्या मेंढीला जुळी होती. दोन्ही कोकरांना मग आम्ही बाटलीनं पाजलं.

दिवाळीतल्या फटाक्यांची भीती मला पहिल्या दिवसापासून होती. शेजारच्या टॉवरच्या सेक्रेटरींकडे गेले. गृहस्थ सभ्य, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, मागच्या वर्षी कुत्रेवाल्यांनी अर्ज दिला, पक्षीवाल्यांनी दिला. आता मेंढ्या. माणसांसाठी काही दिवाळी शिल्लक आहे की नाही?"

"माणसांसाठीच सांगतेय. तुमचे बॉम्ब लक्ष्मीपूजनाला वाजले तर भाऊबीजेला तुमच्या बाल्कनीखाली मेलेल्या मेंढ्या असतील. पाहुणे येतील ना जेवायला?"

"आमची मंडळी पुढच्या गेटवर उडवतील. आवाजाचे नाही. बाकीच्या बिल्डिंगांचं मी सांगू शकत नाही, आणि आमच्या मंडळींचंही फारसं सांगू शकत नाही." पुण्यात याला होकार म्हणतात. मी उठले.

लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी मी घरी थांबूच शकले नाही. लेकाला म्हटलं, पणत्या तू लाव. प्लॉटवर पोचले तर ठकूबाईनं जाळीभोवती घोंगड्या टांगल्या होत्या. माझं एक साधं गणित होतं. मेंढीच्या तोंडात चारा असला की ती कमी दचकते. म्हणून त्या दिवशी दुपारी तिला थोडं कमी दिलं होतं आणि लसूणघासाच्या पेंढ्या संध्याकाळसाठी राखल्या होत्या. अंधार पडायला लागला, चहूकडून धडधड सुरू झाली, आणि आम्ही तिघी कळपात बसून घास घालत राहिलो. एकदम सगळा घालायचा नाही. संपत आला की पुढची पेंढी. समोरच्या गेटवर नुसती झाडं आणि चक्रं होती, सेक्रेटरींनी शब्द पाळला होता. लांबच्या एका बिल्डिंगवरून मात्र मोठा बॉम्ब वाजला आणि सगळा कळप एकदम उभा राहिला. ठकूबाईनं जीभ टाळ्याला लावून "ट्र्रर्र, ट्र्रर्र" असा हलका आवाज काढला. मेंढ्यांनी कान हलवले. एक बसली, मग दुसरी, मग पुन्हा घास चावल्याचा आवाज सुरू झाला. सारिका एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि दोघींच्या कुशीत लेकरं होती.

दुसऱ्या दिवशी पाडवा. उजाडता उजाडता गेले, ताटलीची परीक्षा चुकवायची नव्हती. जाळीपाशी पोचले. जमिनीवर लाल. मेंढ्यांच्या मागच्या पायांवर लाल. "बाप्पा रे, गेला कळप!" मी मटकन खालीच बसले.

सारिका धावत आली. "मॅडम, रंग आहे तो. पाडव्याचा रंग!"

त्यांच्याकडे पाडव्याला मेंढ्या रंगवतात, ओवाळतात, चुलीवर दूध उतू घालतात. एवढं मला ठाऊक होतं. मी उठले, अंगावरची माती झटकली, ओशाळून हसले. तेवढ्यात पालाच्या दारात दत्ता ढोलाच्या दोऱ्या ताणताना दिसला.

"हा कशाला?"

सारिका मान खाली घालून म्हणाली, "बकरी बुजवायची असतात आज."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. पूजा झाली की ढोल बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, आणि सगळा कळप मुद्दाम बुजवायचा, उधळून लावायचा. जोरात बुजला की वर्ष चांगलं जातं. गावोगावी हे होतं, लोक बघायला गोळा होतात. इतकी वर्षं मी यांच्यात वावरले, पण पाडव्याला कायम माझ्या घरी. म्हणून हे मला माहीतच नव्हतं.

"ठकूबाई," मी म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? काल आपण काय राखलं मग?"

"मला कळत न्हाई व्हय?" ती माझ्याहून हळू बोलली. "समदं कळतंय. पर माझ्या सासूनं येकदा हे चुकवलं हुतं. पावसाचं निमित्त झालं, म्हणाली पुढच्या साली बघू. त्या सालात रोग आला. म्या डोळ्यानं बघितलंय, बाई. कोकरं उचलून उचलून माझे हात भरून आले हुते. बिरोबाचं काम हाय ते. तुमच्या तांब्याचं भ्या मला वाटतंय, अन् त्याचं बी वाटतंय. म्या कुणाचं धरू?"

मला थट्टा करवलीच नाही. दत्ता ढोल घेऊन उभा होता, टिपरं हातात, आईच्या खुणेची वाट बघत. मेंढ्या शांत उभ्या होत्या, रवंथ करत, पाठीवर लाल पट्टे. एका खुणेचा प्रश्न होता. मी जाऊन ढोलावर हात ठेवावा का, असं मनात आलं. दुसऱ्याच्या देवाच्या कामात हात घालायची हिंमत माझ्यात नाही.

सारिका पुढे झाली. मुलगी कडेवर. "आत्या, चूक माझी हाय. देव कोपला तर माझ्यावर कोपू दे. म्या नवस बोलते तसा. पण ढोल नको."

कितीतरी दिवसांत ठकूबाई पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून बोलली. "गप गं. पोर अंगावर पितंय तुझं. तुझ्यावर कशाला कोपंल? कोपायचंच आसंल तर म्हातारी हाय की मी." मग तिनं सुनेच्या हातातलं पोर घेतलं, तिला म्हणाली, "आधी भाकरी खाऊन घे, कालपास्नं तशीच हाय तू," आणि दत्ताला हातानंच सांगितलं, ढोल खाली ठेव.

दत्तानं ढोल इतक्या हळू टेकवला की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

पुढच्या आठवड्यांत आणखी एक मेंढी गेली. बाकीचा कळप वाचला, कोकरं मोठी झाली, आणि सारिका अजून हडपसरच्या पुढे मेंढ्या राखते. हे सगळं आज सांगता येतं. त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं, की ठकूबाई नातीला काखेत धरून पालामागच्या शेंदूर लावलेल्या दगडांपाशी जाऊन बसली आहे. मी चार पावलं मागे उभी होते.

मग ती बोलली. शेजारणीशी बोलावं तसं.

"देवा, बकरी यंदा बुजवत न्हाई. इतकं दिस आमीच समदी बुजलोय. म्या बुजलीया, सून बुजलीया, पोरगा ढोल धरून बुजलाय. तेवढं धरून घे."

आमच्या घरात आजोबांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून देव्हारा नाही. नवस नाही, गाऱ्हाणं नाही, कधी कुणापुढे हात जोडायची सवय नाही. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "ठकूबाई, माझीपण भीती धरायला सांगा हो."

ती मागे वळली नाही.

"तुमची तर पैल्यांदा धरली, बाई."